तिच्या ओळीची जागा

माझी धाकटी बहीण खाडीत गेली, तेव्हापासून मी धवला म्हटला न्हाय. पन्नास वर्सं झाली असतील, एखादं कमीजास्त. कोणी विचारलं तर मी सांगायची, आवाज बसला. आवाज काय आपसूक बसला न्हवता. मी त्याला बसवला व्हता.

धवला म्हणजे आमच्यातलं लग्नाचं गाणं. भटजी यायच्या आधी आमच्यात धवलारीण लागते. मांडवाचा धवला वेगळा, तेलाचा वेगळा, हळदीचा वेगळा. तो पुस्तकात न्हाय, तोंडात असतो. आमची आय धवलारीण व्हती. दिवसभर मिठागरात मीठ ओढायची, आणि बोलावणं आलं की अंग धुऊन गायला जायची. आम्हां दोघी बहिणींना तिनं मीठ ओढतानाच शिकवलं. टाचा फाटलेल्या, भेगांत मीठ गेलेलं, आणि वरून आय सांगते, "रडायचं तर सुरात रडा."

मी मोठी, म्हणून पहिली ओळ माझी. दुसरी तिची. माझा आवाज जाडा, जमिनीवरून चालणारा. तिचा बारीक, वर जायचा, आणि वर गेला की थोडा फाटायचा. तो फाटला की बाया पदर डोळ्याला लावायच्या. आय दोघींना बजावायची, "जोडीचा धवला एकटीनं म्हणू नये. एकटीनं म्हटला की दुसरी यायला निघते, असंल तिथून."

एका लग्नात सगळ्या बाया तिलाच जवळ घेत व्हत्या. माझ्याकडं बघून एक म्हातारी बोलली, "ही पण बरी म्हणते." ते 'पण' माझ्या पोटात राह्यलं. पुढच्या आठवड्यात खाडीच्या पल्याडच्या गावातनं बोलावणं आलं. मी बोलली, "तुझंच नाव झालंय ना, मंग तूच जा." तिला वाटलं मी मस्करी करते. होडीत बसेपर्यंत मागं बघत व्हती.

तिथं तिनं दोन्ही ओळी एकटीनं म्हटल्या. परत येताना पाणी फिरलं आणि होडी उलटली. बाकीच्यांच्या हाताला मासेमारीचे खांब लागले. ती दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिवरांच्या मुळांत सापडली. आय मला एक शब्द दुखवून बोलली न्हाय. पण तिनं पुन्हा मला धवला सांगितला न्हाय, आणि मी विचारला न्हाय.

मंग लग्न, पोरं, मिठागर बंद पडलं, मासळी सुकवायला गेली, लोकांच्या घरची धुणीभांडी. त्यातलं काय सांगायचं. सगळ्यांनीच केलं.

आता मी किहीमला एका बंगल्यात जेवण करते. बाई इथलीच, मुंबईची, पण चाळीस वर्सं अमेरिकेत राह्यली. म्हातारपणी नवऱ्याला घेऊन आली. नवरा गोरा, उंच, वाकलेला. मी त्याला सायब बोलते, तो मला मावशी बोलतो. त्याचं मराठी तेवढंच, आणि "मासा हाय?" एवढं.

पहिलं वर्स तो नुसता बसून असायचा. मंग एक दिवस अमेरिकेतनं खोकं आलं. त्यात एक वाद्य निघालं. डफाला लांब दांडा लावावा तसं. वर कातडं, पाच तारा, आणि पाचवी तार अर्ध्या दांड्यातूनच निघालेली. बाई बोलली, "याला बँजो म्हणतात. आफ्रिकेतनं गुलाम म्हणून ज्यांना धरून नेलं, त्यांनी हे तिकडं नेलं. आणि हा वाजवतो त्या गाण्यांना ब्लूग्रास म्हणतात. म्हणजे निळं गवत."

मी बोलली, "गवत कधी निळं असतं काय?"

बाईनं त्याला सांगितलं. तो हसला, आणि बोटांत नख्या घालून वाजवायला लागला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं पटपट. मला काय आवडलं न्हाय. पण अंगठा त्या आखूड तारेवर एकसारखा पडत व्हता, एकच सूर, न हलणारा. तो मला कामात पण ऐकू यायचा.

खोक्यात त्याच्या आजीचा आवाज पण व्हता, जुन्या टेपवरचा. त्याच्या बहिणीनं जपून ठेवलेला. आजीसोबत वाद्य न्हाय, काय न्हाय. कोरडा, सपाट आवाज, हातात काम असल्यागत. मी भांडी घासता घासता थांबली. भाषा कळत न्हवती. पण ओळीच्या शेवटाला आवाज सोडून द्यायची तऱ्हा मला कळली. आमची आय तसाच सोडायची.

बाईनं मंग बसून सांगितलं. त्याचे वाडवडील स्कॉटलंडचे. गरीब. तिथनं आयर्लंडात गेले, तिथं पण जमीन दुसऱ्याची, मालकाचा खंड वाढत गेला, म्हणून जहाजात बसून अमेरिकेत उतरले. चांगली जमीन आधीच गेलेली, म्हणून ते डोंगरात घुसले. त्या डोंगराचं नाव अॅपलाचिया, ते हे सगळं लिवून घेणाऱ्या माझ्या नातीनं लिवलंय, मला म्हणता येत न्हाय. जाताना न्यायला काय व्हतं? एखाद्याकडं सारंगीच्या जातीचं वाद्य, आणि बाकी तोंडातली गाणी. ज्या गावांना पुन्हा बघायचं न्हाय त्या गावांची, बुडालेल्यांची. पुढं त्याच गाण्यांत गुलामांचा बँजो मिसळला, आणि लय वाढली.

"मंग याला ठाऊक व्हतं तर इतकी वर्सं वाजवलं का न्हाय?" मी विचारलं.

"लाज," बाई बोलली. "शहरात शिकायला गेला तर पोरं हसायची, डोंगरातला आला म्हणून. यानं बँजो घरी पाठवून दिला. लग्नाला चाळीस वर्सं झाली, मावशी, मला पण ठाऊक न्हवतं हा गातो."

एका दुपारी मी ओट्यावर कोलंबी सोलत बसली व्हती आणि सायब व्हरांड्यात गात व्हता. एक ओळ म्हणायचा, मंग तोंड मिटायचा. बोटं चालू, पाय चालू, तोंड बंद. पुन्हा ओळ, पुन्हा बंद. मला आधी वाटलं शब्द विसरतो. पण विसरलेला माणूस खाली बघतो. हा दर वेळी उजवीकडं, थोडं वर बघत व्हता. तिथं रिकामी खुर्ची व्हती.

मी बाईला हाक मारली. "बाई, सायबासोबत कोण गायचं?"

"कोणी न्हाय. का?"

"त्याच्या उजव्या बाजूला बसायचं ते. वरच्या आवाजाचं."

बाईनं नवऱ्याला विचारलं. त्यानं वाद्य खाली ठेवलं. मंग बोलला, तिनं मला सांगितलं. भाऊ व्हता. दोघं मिळून गायचे, वरचा आवाज भावाचा. हा शिकायला गेला, भाऊ कोळशाच्या खाणीत उतरला, आणि खाण बसली.

"तो विचारतो, तुला कसं कळलं?"

मी बोलली, "कोलंबी खराब व्हईल," आणि आत गेली.

पण आत जाऊन काय व्हणार. चार दिवसांनी मी स्वतःच बाईला सगळं सांगितलं. बहिणीचं, होडीचं, आय काय बोलायची ते. बाई सांगत गेली, सायब ऐकत गेला. मंग बोलला, "मी त्याची ओळ म्हणत न्हाय. ती त्याची हाय. मी जागा ठेवतो."

"आणि आला तर?"

बाईनं विचारलं. सायब हसला. "आला तर बरंच. सूर त्यालाच जास्त सापडायचा."

तेवढ्यात घरी नातीचं लग्न ठरलं. ती न्हावा शेव्याला कंटेनरच्या हापिसात हाय. आणि सासर कुठलं, तर खाडीच्या पल्याडचं तेच गाव. आता मधी पूल हाय, कोणाला होडी आठवत न्हाय.

नात बोलली, "आजी, डीजे पोरांसाठी. माझ्या हळदीला धवला तूच म्हणायचा."

"माझा आवाज बसलाय."

सून बोलली, "कशाला त्यांना त्रास? मोबाईलवर हाय धवला, लावू की."

"मंग नवरा पण मोबाईलमधलाच लावा," नात बोलली. "इतकी लांब वरात कशाला?"

सगळी हसली. मी न्हाय. माझं काय व्हायचं ते व्हवो, मी म्हातारी. पण एकटीनं धवला म्हटला आणि ती निघाली, तर येणार कुठं? नातीच्या मांडवात. मरताना वीस वर्सांची व्हती, लग्न न झालेली. नवरीला बघून तिला काय वाटंल, ते मला सांगता येत न्हवतं. आठ दिवस मला जेवण गेलं न्हाय. नात रोज विचारायची, मी रोज न्हाय बोलायची. नवव्या दिवशी तिनं विचारलंच न्हाय, नुसती माझ्या टाचांना तेल लावत बसली. मी व्हय बोलली.

सायबाला सांगितलं तेव्हा त्यानं एकच गोष्ट शिकवली. मोकळ्या जागेत पाय थांबवायचा न्हाय. पाय थांबला की परत शिरायची वाट सापडत न्हाय.

हळदीला दिवस मावळायच्या आधी चटया टाकल्या. मी बसली, डाव्या हाताला जागा ठेवली. ती डावीकडं बसायची. सुनेची बहीण तिथं टेकायला आली.

"तिथं नको बसू," मी बोलली.

"का ओ? ओलं हाय का?"

मी हात आडवा धरला. मंग बोलली, "न्हाय. ओलं न्हाय. पण नको."

नात पिवळी व्हऊन पाटावर डोळे मिटून बसलेली. सायब आणि बाई मागं खुर्च्यांवर. मी पहिली ओळ म्हटली. आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला, पण निघाला. ओळ संपली. मी तोंड मिटलं आणि पाय चालू ठेवला.

मांडव गप झाला. बायांना वाटलं मी विसरली. डीजेच्या जनरेटरची घरघर, खाडीवरचा वारा, नातीच्या बांगड्या. मी डावीकडं बघितलं न्हाय. सगळं अंग कान करून बसली व्हती. मानेला गार लागलं, तो वाराच व्हता. तिच्या ओळीएवढा वेळ भरला, मी दुसऱ्यांदा माझी ओळ धरली.

नातीनं डोळे न उघडता हळूच विचारलं, "आजी, मधलं?"

"मधलं माझ्या बहिणीचं," मी बोलली.

तशा मी सगळ्या ओळी म्हटल्या, माझ्या तेवढ्या. दर वेळी थांबली, दर वेळी ऐकलं. ती आली न्हाय. पन्नास वर्सं जिला मी भ्याली, ती आलीच न्हाय. सुरवातीला बरं वाटलं. शेवटच्या दोन ओळींना मी तिला बोलवत व्हती, हे मला नंतर कळलं.

ती पण त्या दिवशी एकटी गायली व्हती, दोन्ही ओळी. आयच्या बोलण्यापरमाणं मी निघायला पायजे व्हतं. मी घरी तांदूळ निवडत बसली व्हती. मी निघाली न्हाय, तर ती कशाला निघंल?

बाया जेवायला उठल्यावर मी मागं थांबली. डाव्या हाताची चटई चाचपून बघितली, सगळीकडनं, कडेपर्यंत. कोरडी व्हती.