नव्वद अंशांत फिरलेला कमोड

एका रविवारी दुपारी मी माझ्या बायकोची दहाही बोटं निकामी केली.

पनवेलला आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत आम्हा दोघांचं घरांचे नकाशे काढून देण्याचं ऑफिस आहे. नीता कीबोर्डकडे न बघता काम करते. 'एम' दाबलं की वस्तू सरकते, 'यू' दाबलं की झालेली चूक मागे जाते, हे तिच्या बोटांना वर्षानुवर्षं पाठ! मला मात्र सुधारणेचा झटका आला. चार दिवस खपून मी एक स्क्रिप्ट लिहिली, सगळ्या कमांडची बटणं बदलली (माझा डावा हात दमू नये म्हणून!) आणि ती दोन्ही कॉम्प्युटरवर चढवली. नीताला सांगायचं तेवढं राहिलं.

सोमवारी आमचे गिऱ्हाईक यासीनचाचा आले. नोकरी कुवेतला, घर बांधायचं गावी, मोऱ्याला आणि विमान त्याच संध्याकाळी. नकाशावर आज सही झाली नाही तर घर थेट पुढच्या वर्षीच्या सुट्टीवर जाणार होतं.

"वहिनी, सगळं बरोबर हाय. फक्त कमोड दाराला लागतो, जरा सरकवा. पण किबल्याकडं, म्हणजे नमाजाच्या दिशेला, पश्चिमेला, त्याचं तोंड नको हां. पाठ पण नको!"

"हे काय, झालंच!" म्हणत नीतानं कमोड निवडला, 'एम' दाबलं आणि नव्वद मिलिमीटर सरकवायला नव्वद टाइप केलं. पण 'एम'ला मी 'फिरवा' ही कमांड दिली होती. कमोड नव्वद अंशांत गर्रकन फिरला आणि बरोबर पश्चिमेला तोंड करून बसला!

"या अल्ला!" चाचा खुर्चीतून उठले.

नीताची बोटं सवयीनं 'यू'वर गेली. 'यू' म्हणजे आता सेव्ह, प्रिंट आणि फाइल बंद! प्रिंटर घरघरला आणि तोच नकाशा चार प्रतींत बाहेर आला.

"अहो, बटणांना काय केलंत?"

"थोडी सोय केली."

"कोणाची?"

मी तिला उठवून स्वतः बसलो. (कर्ता पुरुष!) फाइल उघडून पहिलं बटण दाबलं, जिना गेला. दुसरं दाबलं, स्वयंपाकघराची भिंत गेली. माझेच शॉर्टकट मला आठवेनात! बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"चाचा, कळंबोलीला गाडी अडकंल!"

"अरे थांब, हितं माझं घर चाललंय!"

"सरका," नीता म्हणाली. पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखी ती माउसनं एकेक चित्र शोधून त्यावर क्लिक करत बसली. दहा मिनिटांत जिना आला, भिंत आली, कमोड वळला आणि दारापासून सरकलाही. चाचांनी नव्या प्रतीवर सही केली आणि दारातून म्हणाले, "वहिनी, पुढचं काम तुमीच करा. साहेबांना आराम द्या."

गाडी गेल्यावर नीतानं माझी स्क्रिप्ट शोधून काढली आणि माझ्याकडे बघतच डिलीट दाबलं. तेवढं एक बटण मी बदललेलं नाही, हे तिला न सांगताच कळलं!