अदृश्य कुणाच्या मालकीचा

नाशिकच्या केबलवर मी काही वर्षं सुपरहिरो होतो, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. लोक पुरावा मागतात. पुरावा देता येत नाही, कारण मी अदृश्य होतो.

थट्टा नाही, माझ्या पात्राचं नावच अदृश्य. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. घरोघरी केबल आली होती आणि प्रत्येक केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल असायचं. सकाळी भजनं, दुपारी कुठून तरी आणलेला सिनेमा, संध्याकाळी गावातल्या बातम्या, आणि खाली सरकत्या पट्टीवर लाडक्या बाळांचे वाढदिवस. आमच्या केबलचे मालक दोघं होते. थोरले ते दाजी, आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ तो सगळ्यांचा भाऊ. नदीच्या अलीकडच्या, जुन्या नाशकातल्या लाइनी दाजींच्या, पंचवटीतल्या भाऊंच्या. चॅनेल आणि कॅमेरा मात्र दोघांत मिळून एक. मी दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी तिथे बातम्या वाचायचो; पडद्यावर नुसती पाटी आणि मागून माझा आवाज. बातम्या म्हणजे कोणत्या भागात उद्या पाणी येणार नाही आणि कोण देवाघरी गेलं. दोन्ही मी एकाच आवाजात वाचतो, अशी तक्रार होती.

माझा एक मित्र शाळेत चित्रकला शिकवायचा. लहानपणापासूनचा. एकदा तो कंट्रोल रूममध्ये आला आणि टेबलावर त्याने पाच चित्रं पसरली. पोलाद, सुसाट, लखलख, लांबोबा आणि एक नुसतीच रिकामी चौकट. नाव दिलं होतं, 'भन्नाट पाच'. पोलादसाठी त्याने तालमीतला पैलवान हेरून ठेवला होता, सुसाटसाठी गच्च्यांवरून पळणारा आमचाच लाइनमन, लखलखसाठी कॉलेजातली एक धीट मुलगी, तिच्या झग्यावर वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, आरसे शिवले. लांबोबा तो स्वतः. जुन्या स्वेटरांच्या बाह्या एकीला एक जोडून, आत वेताच्या काठ्या घातल्या होत्या. त्या बाह्या उचलल्या की हात थेट छतापर्यंत जायचे आणि पंख्यात अडकायचे.

"आणि ही चौकट?" मी विचारलं.

"तो तू. अदृश्य."

"मला कॅमेऱ्यासमोर घाम फुटतो रे."

"म्हणून तर," तो म्हणाला.

माझी कामगिरी अशी की पडद्यामागून बोलायचं आणि दोऱ्याने खुर्ची ओढायची. संवादही मीच लिहायचो. ते फार लांब असायचे. खलनायक पळून जाऊन घरी पोचला असता तरी अदृश्यचं भाषण संपायचं नाही. पण पोरांना त्याचं काही नव्हतं. रविवारी सकाळी 'भन्नाट पाच' लागलं की गल्ल्या ओस पडायच्या. भाजी बाजारात पोरं पाठीला गोणपाट बांधून उड्या मारायची. गणपतीत एका मंडळाने आमचा देखावा केला. चार पुतळे आणि पाचवी नुसती खुर्ची. मी त्या खुर्चीसमोर, गर्दीत, बराच वेळ उभा राहिलो. आयुष्यात कुणी माझा देखावा केला तो तेवढाच.

मग दाजी आणि भाऊंचं बिनसलं. कशावरून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी म्हणे जाहिरातींवरून, कुणी म्हणे बारशाला मानपान झालं नाही म्हणून. एकमेकांच्या केबली कापल्या गेल्या, पंचवटीत काही दिवस टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. शेवटी नातेवाइकांनी समेटाची बैठक घेतली. एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये, मिसळीच्या ताटल्यांसमोर. दाजी, भाऊ, एक वकील, आणि गिरणारे गावाहून आलेले एक म्हातारे मामा. दोन्हीकडचे त्यांना मानायचे. जमिनीच्या वाटण्या करून देण्यात त्यांचा हातखंडा होता. मित्राला आणि मला साक्षीला बोलावलं होतं.

लाइनींचा प्रश्न पटकन सुटला. अडलं ते 'भन्नाट पाच'वर. दोघांनाही ते हवं होतं. वकिलांनी विचारलं, "मुळात हे पाच काढले कुणी?"

"मी," मित्र म्हणाला. "चित्रं माझी, पोशाख माझे, नावंही माझी. मला पैसे नकोत. पण ते माझे आहेत, एवढं कुठेतरी म्हटलं जावं."

"अहो मास्तर, कॅमेरा कुणाचा?" दाजी म्हणाले. "चित्रं काय, माझी नातसुद्धा काढते."

"दाजी, कॅमेरा अर्धा माझा आहे," भाऊ म्हणाले.

"अर्धा म्हणजे कोणता? भिंग का पट्टा?"

"ह्याला विचारा की," मित्राने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा होता समोर. ह्याच्या टेबलावरच चित्रं ठेवली मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॅमेऱ्यासमोर व्हायचं तेच झालं. त्यात आदल्या आठवड्यात दाजींनी मला सांगितलं होतं की चॅनेल त्यांच्याकडे आलं तर कार्यक्रमांचा प्रमुख मीच, आणि दोन दिवसांनी भाऊंनीही अगदी तेच सांगितलं होतं. मी दोघांनाही हो म्हणालो होतो. नाही म्हणायला माझं तोंड कधी उघडलंच नाही. मी घसा खाकरला. पाव मोडला. मग म्हणालो, "तसं पाहिलं तर... सगळ्यांनी मिळूनच जमवलं ते."

मित्र माझ्या ताटलीकडे बघत राहिला.

मामांना हायसं वाटलं. "मग लय सोपं हाय," ते म्हणाले. "कुनाचंच नाय म्हंजी घराचं. जमीन वाटतो तसं वाटा. मधी नदी हाय ना? तिच्याहून चांगला बांध कोन्ता? दोन अलीकडं, दोन पलीकडं."

"पाच आहेत, मामा," वकील म्हणाले.

"पाचवा कोन?"

"तो दिसत नाही."

मामांनी थोडा विचार केला. "त्याची इहीर समजा. इहीर कदी वाटत नाय. सामाईक ठिवा आन पाळी लावा."

आणि कुणी हसलं नाही! वकिलांनी ते तसंच लिहून घेतलं. पोलाद आणि लखलख दाजींना, सुसाट आणि लांबोबा भाऊंना. अदृश्य सामाईक, एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे. विहिरीचं पाणी पाळीने घेतात तसा मी वाटला गेलो. मला तर त्यात थोडा मानही वाटला.

आता दोन चॅनेलं झाली आणि दोन्हींवर रविवारी सकाळी 'भन्नाट पाच'. नाव कुणीच सोडलं नव्हतं. पडद्यावर दोघं आणि पाळी असली तर माझा आवाज. उरलेले कुठे गेले, हे पोरांना सांगणं भाग होतं. ते लिहायचं काम दोन्हीकडे माझ्याकडेच आलं. दाजींच्या चॅनेलवर मी सांगितलं की सुसाट आणि लांबोबा पेठच्या डोंगरात तपश्चर्येला बसलेत. भाऊंच्या चॅनेलवर सांगितलं की पोलाद आणि लखलख घोटीला गेलेत, तांदळाची चोरी पकडायला. ती चोरी वर्षभर पकडत होते.

पुढे पाळीही राहिली नाही. दाजी म्हणाले, "एवढा एक रविवार कर, भाऊला कळायचं नाही." भाऊही म्हणाले. मी दोघांना कॅसेटवर आवाज भरून दिला. एकाच वेळी नदीच्या दोन्ही काठांवर अदृश्य एकेका संकटातून शहर वाचवत होता. पिठाच्या गिरणीत दळणाच्या रांगेत मी ऐकलेला दोन पोरांचा हा संवाद:

"अदृश्य आमच्याकडे आहे."

"हट्, आमच्याकडे आहे. आज बोलला तो."

"आमच्याकडे पण बोलला."

"मग फसवतोय तो."

डबा उचलून मी दळण न घेताच घरी आलो.

मालकांना वाटत होतं, पोरं ठरवतील खरे 'भन्नाट' कोणते. पोरांनी ठरवलं. पाच म्हणायचं आणि दोन दाखवायचे, हे त्यांना पटलं नाही. मोठ्या चॅनेलांवर परदेशी सुपरहिरो हिंदीत बोलायला लागले होते आणि ते सगळे एकत्र यायचे. गोणपाटं पुन्हा भाजीवाल्यांकडे गेली. पुढच्या गणपतीत त्याच मंडळाला आमच्यातले कोणते बसवायचे ते ठरेना, म्हणून त्यांनी अंतराळयान केलं.

तरीही मालकी सोडायला कुणी तयार नव्हतं. उलट लोकप्रियता घटली तशी राखण वाढली. हिवाळ्यात मित्राने शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाचही जण बसवले. पोरांना घेऊन, एकाच स्टेजवर, सगळे एकत्र. वाटणीनंतर पहिल्यांदाच. बाह्या त्याने पुन्हा शिवल्या होत्या. हे दाजींच्या कानावर गेलं, भाऊंच्याही गेलं. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं. दोघांनी मिळून एक सूचना काढली आणि ती दोन्ही चॅनेलांवर मी वाचली. पाणी येणार नाही त्याच्या नंतर आणि निधनवार्तांच्या आधी. 'भन्नाट पाच'मधील पात्रांचा वापर कोणत्याही शाळेने, मंडळाने अथवा व्यक्तीने परवानगीशिवाय करू नये, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल. त्याच आवाजात.

मुख्याध्यापक घाबरले. तो कार्यक्रम गॅदरिंगच्या दिवशी सकाळी रद्द झाला. माझी भाची त्यात लांबोबा होती. संध्याकाळी ती बाह्या जमिनीवरून ओढत आमच्या घरी आली. "मामा, टीव्हीत ते कोण वाचत होतं? आवाज तुझ्यासारखा होता."

"असेल कुणीतरी," मी म्हणालो. सुपरहिरोच्या आयुष्यातलं माझं शेवटचं वाक्य ते. तेवढं एक मात्र आखूड होतं.

त्यानंतर मित्राने माझ्याकडे येणं सोडलं. भांडला नाही. रस्त्यात भेटला तर मान हलवायचा, मी सायकलच्या ब्रेककडे बघायचो. दोन हजार सालानंतर एका मोठ्या कंपनीने गावातल्या सगळ्या केबली घेतल्या. दाजी आणि भाऊ एका लग्नात मांडीला मांडी लावून जेवले. कंपनीच्या माणसांनी तारा, डिश, खांबांवरचे डबे सगळं तपासून घेतलं. 'भन्नाट पाच'बद्दल त्यांनी काही विचारलं नाही. एवढ्या झोंबाझोंबीने राखलेली मालमत्ता कुणी फुकटही मागितली नाही. कॅसेटांवर कुणीतरी लग्नं उतरवून घेतली होती. कार्यक्रम प्रमुख व्हायचं तेही राहिलं, कारण कार्यक्रमच राहिले नाहीत.

आणखी काही वर्षं गेली. मला चष्मा लागला, पोट सुटलं, दिसायला लागलो म्हणायचं. भाची शिक्षिका झाली आणि त्याच शाळेत लागली. एक दिवस जेवताना म्हणाली, "आमचे चित्रकलेचे सर सांगत होते, ते पाच त्यांनीच काढले होते म्हणे. स्टाफरूममध्ये सगळे हसले. सर पण हसले मग. खरं असेल का रे मामा?"

मी ताटावरून उठलो. स्कूटर काढली आणि मखमलाबादच्या बाजूला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. "अग बाई, आज रस्ता चुकलात का भाऊजी?" म्हणाल्या. तो झोपाळ्यावर पेपर वाचत होता.

"एक सांगायला आलोय," मी म्हणालो.

"बदली झाली?"

"नाही. ते पाच तुझे होते."

त्याने पेपर खाली केला. "हे तू मला सांगतोस? मला माहीत आहे की. ते त्या मामांना सांगायचं होतं. मामा वारले."

"तेव्हा मी..."

"राहू दे. तुझे संवाद फार लांब असतात."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "सांगू द्या की त्यांना," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी तोंड उघडलंय. तुम्ही त्या गॅदरिंगच्या दिवशी जेवला नव्हतात, ते मी विसरलेली नाही."

त्याने पेपरची घडी घातली. मी म्हणालो, "स्टाफरूममध्ये येऊन सांगतो. सगळ्यांसमोर. आणि लिहूनही काढतो."

"तू? सगळ्यांसमोर?" तो पहिल्यांदा हसला. "ये. पण लिहिताना नाव घालू नकोस माझं. पोरं परत लांबोबा म्हणतील. आणि एक चूक करू नकोस. चार लिही."

"चार का?"

"चार मी विचार करून काढले होते. पाचवा फक्त तुला घाम फुटायचा म्हणून काढला. तो कुणाच्या बाजूने आहे, हे मला कधी कळलं नाही. तो मला नको. तुझा तू ठेव."

दुसऱ्या आठवड्यात स्टाफरूममध्ये गेलो. तिथे माझा आवाज इतका बारीक झाला की भूगोलाच्या बाईंना पुन्हा सांगावं लागलं. मित्र खिडकीपाशी वह्या तपासत बसला होता, मान वर न करता. भाची ऐकत होती. सूचना कुणी वाचली होती, तेही मी तिला सांगितलं. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

तर असं आहे. पोलाद, सुसाट, लखलख आणि लांबोबा त्याचे. दाजींचे नाहीत, भाऊंचे नाहीत, कंपनीचे तर नाहीतच, आणि सगळ्यांनी मिळून तर मुळीच काढलेले नाहीत. अदृश्य माझा. त्याच्यावर हक्क सांगायला अजून कुणी आलेलं नाही.