लाल वडीवाले अप्पाराव

अंगाला साबण वेगळा, केसांना शांपू वेगळा आणि वर पुन्हा कंडिशनर, हा सगळा बायकांना येडं करायचा धंदा आहे, असं अप्पारावकाका मला गेली अकरा वर्षं सांगत आलेत. देवगाव फाट्यावर माझं लेडीज पार्लर आहे. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. तिच्या मागच्याच अंगाला काकांचं घर. पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजण्यात त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट गरजेपेक्षा जास्त सांडलेली त्यांना खपत नाही. सकाळी पेपर घ्यायला निघाले की माझ्या दारात थांबायचे, फळीवरच्या बाटल्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, डोक्यालाही कातडंच असतं ना, मग अंगाच्या कातड्याला एक आणि डोक्याच्या कातड्याला दुसरं कामून?

मी म्हणायचे, काका, तुमच्या डोक्यावर उरलंय किती? तुम्ही वडी घासा नाहीतर नुसतं ओलं फडकं फिरवा, फरक पडणार नाही. ते हसायचे, पण मुद्दा सोडायचे नाहीत. त्यांच्या न्हाणीत लाल साबणाची एकच वडी. अंगाला ती, डोक्याला ती, दाढीच्या फेसालाही तीच. झिजून पापुद्रा झाला की तो नव्या वडीला चिकटवायचा. आणि या सगळ्याला त्यांच्याकडे बिनतोड पुरावा होता, तो म्हणजे कावेरीकाकूंचे केस. साठी उलटली तरी काकूंची वेणी मांडीपर्यंत यायची आणि मनगटाएवढी जाड होती. माझ्याकडे गिऱ्हाईक बसलेलं असलं की काका मुद्दाम काकूंना हाक मारून दारात उभं करायचे. चाळीस वर्षं एकच वडी, आता बोला, म्हणायचे. गिऱ्हाईक वेणीकडे बघायचं, मग माझ्या बाटल्यांकडे, आणि भुवया उंचावून निघून जायचं.

मी गप्प बसायचे, कारण खरं काय ते मला माहीत होतं. कावेरीकाकू दर रविवारी मागच्या दाराने यायच्या आणि शांपूची एक पुडी, कंडिशनरची एक पुडी पदराखाली घालून न्यायच्या. पुड्या हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात राहायच्या. काका पेपर घेऊन ओट्यावर बसले की काकू न्हाणीत शिरायच्या आणि रिकाम्या पुड्या परत माझ्याच कचऱ्याच्या डब्यात आणून टाकायच्या. एकदा मी म्हटलं, सांगून टाका की, खातात का काय ते तुम्हाला? तर म्हणाल्या, भांडणारा नवरा असता तर सांगितलं असतं, हा बिचारा चारचौघांत माझे केस दाखवत फिरतो, त्याचं तोंड कशाला पाडू? मला तेव्हा याचं लई हसू यायचं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. परभणीला अठरा दिवस दवाखान्यात होत्या. घरी आल्या तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, "हे." तहान लागली तरी हे, माणूस ओळखलं तरी हे, दुखलं तरी हे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. मुलगा वरद पुण्याला नोकरीला. तो आला, रजा संपली, गेला. ज्या काकांना साखर कुठल्या डब्यात असते हे ठाऊक नव्हतं, ते काकूंना भरवायला, पुसायला, कूस बदलायला शिकले. त्यात त्यांनी काही कमी केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

घरी आणल्यावर आठवड्याने त्यांनी काकूंचे केस धुतले. अर्थात लाल वडीने, बोअरच्या खाऱ्या पाण्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आले ते पेपर न घेता. चेहरा उतरलेला. मी जाऊन बघितलं तर केसांचा काथ्या झालेला, मुळाशी पांढरी साय धरलेली आणि मानेपाशी मुठीएवढी गुंतागुंत. कंगवा आत जाईना.

"राजेश्री, चाळीस वर्षं हीच वडी हाय," ते म्हणाले. "मग आताच असं कामून झालं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आजारपणाचा दोष आहे म्हटलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती. पण केसांची ती दशा बघून मला सांगावंच लागलं. पुड्यांचं, डाळीच्या डब्याचं, रविवारचं, सगळं. काका खाटेच्या पायथ्याशी बसले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या आणि तोंडाच्या एका बाजूने हसल्यासारखं करत होत्या. काका इतकंच म्हणाले की मला येड्यात काढलं म्हणायचं. शेवटी त्यांनी विचारलं, त्या तीन गोष्टी कोणत्या आणि कोणती कधी लावायची. आयुष्यात मी कुणाला इतकं हरलेलं पाहिलं नव्हतं.

मी अंगाच्या पातळ साबणासकट तीन बाटल्या दिल्या. पहिल्या खेपेला त्यांनी कंडिशनर आधी लावलं आणि फेस येईना म्हणून अर्धी बाटली ओतली. चष्मा लावूनही त्यांना बाटलीवरची ती मुंगीएवढी अक्षरं दिसत नव्हती. मग मी नेलपॉलिशचे ठिपके काढून दिले, एक ठिपका अंगाला, दोन ठिपके आधी केसांना, तीन ठिपके नंतर. माणूस कारकुनी शिस्तीचा. भिंतीवर कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं की तीन ठिपके मुळाला लावू नयेत, फक्त लांबीला, तीन मिनिटं थांबावे. बोअरच्या पाण्याने केस चिकट होतात म्हणून काकूंच्या केसांसाठी गोड्या पाण्याचा जार मागवू लागले. स्वतः मात्र बोअरचंच प्यायचे.

केस धुणं म्हणजे दोन-अडीच तासांचं काम. खाटेवर प्लास्टिक अंथरायचं, काकूंना आडवं सरकवून डोकं खाटेबाहेर घ्यायचं, खाली घमेलं. एका हाताने मान धरायची, दुसऱ्याने पाणी. माझ्याकडे गिऱ्हाईक नसलं तर मी पाणी ओतायला जायचे. केस भिजले की असे जड व्हायचे की काकूंची मान मागे ओढली जायची. त्या कण्हायच्या, हे, हे, हे. काका म्हणायचे, झालंच, झालंच, आता तीन ठिपके राहिलेत फक्त. मग वाळवणं. ओल्या केसांवर झोपवता येत नाही म्हणून त्यांना उशांच्या आधाराने बसवून ठेवायचं, आणि त्या कलंडायच्या. दर आठवड्याला हे असंच चालायचं.

संक्रांतीला सून ईश्वरी चार दिवस राहायला आली. एक धुणं तिने बघितलं आणि सरळ सांगितलं की हे केस खांद्यापर्यंत कापून टाका, आईंना त्रास होतोय. काका कधी सुनेवर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू आला. सवाष्णीच्या केसाला मी जिता असताना कात्री लागणार न्हाई, असं म्हणाले. काकूंची थोरली बहीण तानुबाई भेटायला आल्या होत्या, त्यांनीही तोंडाला पदर लावला आणि असलं अभद्र बोलू नको म्हणून सुनेला दटावलं. ईश्वरीने माझ्याकडे बघितलं. मी कात्रीवर पोट भरणारी बाई, दोन शब्द बोलायला हवे होते. पण ते केस कापायचे म्हटल्यावर माझाच जीव होईना. मी म्हटलं, बघू, उन्हाळ्यात बघू. सून बिचारी हात टेकून निघून गेली.

यानंतर काकू डाव्या हाताने सारखी वेणी ओढू लागल्या. काकांना वाटलं, तिला केसांत फूल पाहिजे. त्यांनी सेलूहून शेवंतीचा गजरा आणून माळला, तो काकूंनी उपटून फेकला. मग वाटलं, हाताला जोर कळत नाही. मलाही तसंच वाटलं. दोघं मिळून त्यांच्यावर मरणाची माया करत होतो आणि त्यांना काय हवंय हे मात्र एकमेकांना विचारत होतो.

चैत्रात ऊन तापलं. त्या दिवशीचं धुणं असं झालं की पार्लरमध्येही होत नाही. केसांच्या दोन्ही बाटल्या बरोबर क्रमाने, पाणी भरपूर, केस मोकळे, एकही गुंता नाही. वाळल्यावर काकांनी स्वतः वेणी घातली, आता त्यांना सफाईची येत होती. त्यांनी आरसा आणून काकूंसमोर धरला. म्हणाले, बघ, पुन्हा तुझी होती तशी झाली.

काकूंनी आरशात बघितलं. मग डाव्या हाताने वेणी पुढे ओढून मांडीवर ठेवली, हात सुटा केला आणि कानाच्या खाली दोन बोटं धरून उघडमीट केली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. खुर्चीत बसलेल्या बायका कुठपर्यंत कापायचं ते मला असंच दाखवतात. दिवसातून दहा वेळा मी तो इशारा बघते.

"काय म्हणायली ती?" काकांनी मला विचारलं. "कान दुखायला का?"

मी म्हटलं, "काका, त्या केस काप म्हणायल्यात."

ते न्हाई म्हणाले. ती असं म्हणणार न्हाई, चाळीस वर्षं मी तिला ओळखतो. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. पुन्हा दोन बोटं कानाखाली नेली आणि या वेळी त्यांना रडू आलं. काका आरसा धरूनच खाली बसले.

"लई दिवसांपासून म्हणायली होतीस का हे?" त्यांनी हळू विचारलं.

काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. होकाराला त्या तेवढंच करू शकत होत्या.

मी कात्री आणायला गेले तेव्हा मला स्वतःचा संताप येत होता. ईश्वरीला परकी म्हणून आम्ही गप्प केलं होतं. काकांनी कात्री घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मला म्हणाले, तूच काप, पण वेणी मी धरतो, तिची मान ओढली जायला नको. त्यांनी दोन्ही हातांनी वेणी उचलून धरली. मी कापली. जाड वेणी, एका दमात सुटली नाही, चार-पाच वेळा कात्री चालवावी लागली आणि प्रत्येक वेळी काकांनी डोळे मिटून घेतले.

सुटल्यावर काकूंनी डोकं उशीवर टेकलं. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे वळवली. पाच महिन्यांत त्यांना तसं करताना आम्ही बघितलं नव्हतं. लगेच त्यांचा डोळा लागला.

काका वेणी दोन्ही हातांवर घेऊन उभे होते. घरात कुठेही ठेवायला जागा सापडेना त्यांना. देवापाशी नेली आणि परत आणली. कपाट उघडलं, पुन्हा लावलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "राजेश्री, मी पाच महिने तिला हेच वागवायला लावलं व्हय?"

मी खाटेवर पडलेले बारीक केस टिपू लागले. ते उभेच होते आणि वेणी त्यांच्या हातांतच होती.