सात नंबरचा शिक्का

अंबडच्या एमआयडीसीत गाड्यांच्या इंजिनासाठी पिना बनवणारा एक कारखाना आहे. तिथे वाळू शेवाळे तपासणीच्या टेबलावर बसतात. मूळचे निफाडकडचे, वय सत्तेचाळीस, नोकरीला बावीस वर्षं झाली. काम सांगायला सोपं. हातात एक गेज असतं. त्याच्या एका भोकातून पीन आरपार गेली पाहिजे आणि दुसऱ्यातून जाता कामा नये. दोन्ही जमलं की माल पास. ट्रे भरला की त्याच्या कार्डावर आपला शिक्का मारायचा. वाळूभाऊंचा शिक्का सात नंबरचा. त्याची त्यांना इतकी मिजास, की चहाला जातानासुद्धा तो खिशात घालून जायचे. जसा काही चहावाला टपूनच बसला होता!

आणि नेमक्या अशा माणसाच्या हातून गेल्या वर्षी शिक्का गेला.

झालं असं, की होळीच्या आसपास भाऊंचा गेजवरचा विश्वास उडाला. पीन आरपार जायची, तरी त्यांना वाटायचं, गेली का खरंच? मग पुन्हा घालून बघायचे. मग तिसऱ्यांदा. दिवसाला वीस ट्रे करणारा माणूस सहावर आला. घरी जेवणावरची वासना उडाली, पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, आणि बायकोनं, साधनावहिनींनी, काही विचारलं तर "काय नाय" एवढंच उत्तर. वहिनींनी मीठमोहऱ्या ओवाळून पाहिल्या. कारखान्यात तर काहींनी परस्पर ठरवून टाकलं, की भाऊ आता अंग चोरतात. बावीस वर्षांत ज्यानं विनाकारण एक खाडा केला नाही, त्याच्याबद्दल असं बोलायला जीभ कशी उचलते, देव जाणे.

सुपरवायझर मुस्तकीम शेख मात्र तसलं काही बोलला नाही. हा मालेगावचा, भाऊंहून दहा वर्षांनी लहान. कामाला लागला तेव्हा गेज धरायला त्याला भाऊंनीच शिकवलं होतं. एक दिवस सुट्टी झाल्यावर त्यानं भाऊंना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि मनोविकारांच्या डॉक्टर भाग्यश्रीताईंच्या दवाखान्यासमोर नेऊन उतरवलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. हे डिप्रेशन आहे आणि ते बरं होतं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. दुपारच्या जेवणानंतर रोज एक गोळी घ्यायची, दर पंधरा दिवसांनी येऊन बोलायचं, घरी बसून राहायचं नाही. फक्त काही महिने काम हलकं हवं. तशी चिठ्ठीही लिहून दिली. मुस्तकीमनं भाऊंना खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं आणि सात नंबरचा शिक्का स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. शिक्का तुमचाच, मी फक्त सांभाळतो, असं तो म्हणाला खरा, पण भाऊंना तो ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज कितीतरी दिवस विसरता आला नाही.

गोळीनं काही जादू केली नाही. दीडेक महिन्यानं एका सकाळी भाऊंनी आपण होऊन दुसऱ्यांदा पोहे मागितले आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, इतकंच. मग झोप आली, मग चेष्टामस्करी आली, आणि गणपतीत शिक्काही परत आला. भाऊ पुन्हा तो खिशात घालून चहाला जाऊ लागले. गोळ्यांचं पाकीट मात्र पाचक चूर्णाच्या जुन्या डबीत लपवलेलं. कॅन्टीनमध्ये कोणी विचारलंच तर पित्ताची गोळी आहे म्हणायचे. खरं काय ते फक्त शेजारी बसणाऱ्या मुस्तकीमला ठाऊक होतं.

मग नवरात्र आलं. भाऊ नऊ दिवस उपास करतात आणि अनवाणी राहतात. कारखान्यात सेफ्टी शूज घालावेच लागतात, म्हणून गेटपर्यंत अनवाणी यायचं आणि तिथे देवीची माफी मागून बूट चढवायचे, हा वीस वर्षांचा रिवाज. उपासवाली मंडळी दुपारी कॅन्टीनमध्ये जात नाहीत, गेटजवळच्या निंबाखाली फराळ करतात. भाऊही तिथेच बसले. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी चूर्णाची डबी उघडली, जरा विचार केला, आणि पुन्हा बंद केली.

चौथ्या दिवशी चक्कर यायला लागली. मान वळवली की डोक्यात झटका बसल्यासारखं व्हायचं. उपासाचा अशक्तपणा आहे, असं निंबाखाली सर्वांनी एकमतानं ठरवलं. सहाव्या दिवशी पीन गेजमधून आरपार गेली आणि भाऊंना वाटलं, गेली का खरंच? सातव्या दिवशी दुपारपर्यंत जेमतेम दोन ट्रे झाले. तेव्हा ते उठले, मुस्तकीमच्या टेबलापाशी गेले आणि शिक्का काढून त्याच्यासमोर ठेवला.

"ठेवून घ्या मुस्तकीमभाई. ते परत आलं."

मुस्तकीमनं पहिला प्रश्न गोळीचा केला.

"उपास हाय ना," भाऊ म्हणाले. "जेवणच नाय, तर जेवणानंतरची गोळी कशी घ्यायची?"

बावीस वर्षं एका केसाचाही फरक चालवून न घेणारा माणूस! ताईंनी घालून दिलेला नियमही त्यानं तसाच काटेकोर पाळला होता. मुस्तकीमनं कपाळाला हात लावला.

"मला शुगर हे भाऊ. रमजानच्या आधी मी डॉक्टरला जाऊन विचारतो, रोज्यात गोळी कधी घेऊ. ते सहेरी-इफ्तारीची वेळ लावून देतात. तुम्ही का नाय विचारलं?"

देवीच्या उपासाचं डॉक्टरला काय विचारायचं, असं भाऊंना वाटलं होतं. ते आता सांगायचीही लाज वाटली. मुस्तकीमनं ताईंना फोन लावला. शेंगदाणे घातलेली खिचडी, बटाटा आणि दोन केळी हे जेवण नाही तर काय, असं ताईंनी विचारलं. गोळी एकदम बंद केली की असा त्रास होतो, आजार उलटलाच असं लगेच धरू नका. आजपासून पुन्हा सुरू करा आणि संध्याकाळी येऊन दाखवा. संध्याकाळी तपासून त्यांनी पुन्हा चार दिवस हलकं काम सांगितलं, आणि शिक्का ड्रॉवरमध्येच राहिला. भाऊ घरी गेले ते आता तो कायमचाच गेला असं धरून.

वहिनींनी सगळं ऐकलं आणि वर्षभरात पहिल्यांदा आवाज चढवला.

"देवीनं उपास मागितला, तुमचं डोकं नाय मागितलं."

दुसऱ्या दिवशी डब्यात खिचडीबरोबर कागदाच्या पुडीत एक गोळी आली.

नवव्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यातली यंत्रं धुऊनपुसून झाली, झेंडूच्या माळा चढल्या. चक्कर ओसरली होती. भाऊंनी सकाळी कोणाचं लक्ष नाही असं पाहून दहा पिना गेजमध्ये घालून बघितल्या. प्रत्येक एकदाच. मग पूजेसाठी सगळे तपासणीच्या टेबलाशी जमले. पांढऱ्या कापडावर गेजं ओळीनं मांडली होती, आणि भाऊंच्या गेजशेजारी, शाई धुऊन लख्ख केलेला सात नंबरचा शिक्का.

मुस्तकीम दुसरीकडेच बघत होता. दसऱ्यानंतर दिवसाला दहा ट्रे, ताईंना विचारून ठेवलंय, एवढं तो हळूच म्हणाला.

भाऊंना भरून आलं. त्यांनी पिशवीतून चूर्णाची डबी काढली, तिच्यातलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि शिक्क्याच्या शेजारी कापडावर ठेवलं. कोणीतरी विचारलं, पित्ताची गोळी पूजेत कशाला?

"पित्ताची नाय. डिप्रेशनची हाय," भाऊ म्हणाले. "हिच्याबिगर माझं गेज चालत नाय."

साफसफाई करणाऱ्या लताबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गेजला बोट लावलं, शिक्क्याला लावलं, तसंच पाकिटालाही लावलं, प्रत्येकावर एकेक फूल ठेवलं आणि पुढच्या यंत्राकडे वळल्या.

पूजा आटोपली. भाऊंनी निंबाखाली बसून खिचडी खाल्ली, हात धुतले, आणि कुंकू लागलेल्या पाकिटातली एक गोळी सगळ्यांदेखत घेतली.