टाकीचा इस्तो

टाकी हे गाव चहाच्या तलफेपायी वसलं, असं वच्छलाबाई सांगायच्या, आणि त्यात खोटं फार थोडं होतं. लहान गाडीचं इंजिन तिथल्या टाकीवर पाणी प्यायला थांबे. टाकीवर कामाला लागलेले भैय्याजी नव्या नवरीला, म्हणजे वच्छलाबाईंना, घेऊन उतरले, तेव्हा चहूकडे नुसतं पडीक रान. झडीत काडेपेटी सादळली, चूल पेटेना. ड्रायव्हरला तर चहा हवा. त्यानेच इंजिनातले निखारे फावड्यावर आणून चुलीत टाकले.

तेव्हापासून वच्छलाबाईंनी चूल विझू दिली नाही. रात्री निखारा राखेत पुरायचा, पहाटे फुंकायचा. शेती करायला एकेक घर गाडीतून उतरलं, तशी नव्या घरची बाई पहिला इस्तो, म्हणजे विस्तव, त्यांच्याकडूनच नेई. कांता सगळ्यांत पहिली. दिवे लागल्यावर घरचा विस्तव बाहेर देऊ नये, म्हणून दिवेलागणीनंतर कोणी आलं, तर मात्र "सकाळी येजो," म्हणून वाटेला लावत. बिनसासूच्या गावाची सासूच ती!

चौऱ्याण्णव साली गाडी बंद झाली. एसटी डांबरी रस्त्यावर थांबे, म्हणून घरंही तिकडे सरकली. कांता गेली, मुलगा गजेंद्र गेला. भैय्याजी वारले, तरी वच्छलाबाई हलल्या नाहीत.

"आई, आता काऊन अडून राह्यली?" गजेंद्र विचारी.

"माहा इस्तो इथं हाय."

गॅसच्या शेगडीला त्या नावं ठेवत, पण जीव तुटायचा तो उठून गेलेल्या गावासाठी.

दोन हजार एक साली हिवतापाने त्यांना गाठलं. आठ दिवस आर्वीच्या दवाखान्यात काढून त्या संध्याकाळी परतल्या आणि आधी चुलीपाशी बसल्या. राख उकरली. थंडगार. धावपळीत निखारा राखायचं गजेंद्रच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. इंजिन तर केव्हाच गेलेलं, आता निखारा मागायचा कोणाला? म्हातारी ढसाढसा रडली. गजेंद्र घाबरून कांताकडे धावला.

घटकाभरात कांता आली. हातात घमेलं, घमेल्यात लाल निखारे.

"घ्या मावशी, तुमचाच हाय. मी बी कधी इझू देला नाई."

वच्छलाबाईंनी डोळे पुसले. "दिवे लागले वं. आता कोणी इस्तो देते काय?"

"घरातल्या घरात चालते, मावशी."

वच्छलाबाई उठल्या. थंड चूल तशीच ठेवून त्यांनी फडक्याने घमेलं उचललं.

"चाल, गजेंद्राच्या घरी नेऊ."

गंजलेले रूळ ओलांडताना गजेंद्रने हात पुढे केला, पण घमेलं त्यांनी कोणाला धरू दिलं नाही.