शेवटून दुसरा

गुलवेन केरांदेलने टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पाच वेळा पुरी केली आणि पाचही वेळा ते कोणाच्या लक्षात आलं नाही. प्लूगर्वन हे त्याचं गाव, फ्रान्सातल्या ब्रिटनीच्या टोकाला. गावात चर्च एक, माणसं नऊशे आणि शहाणेही नऊशे. या शहाण्यांना टूर जिंकणाऱ्याचं नाव, त्याच्या बायकोचं माहेर, तो सकाळी किती अंडी खातो, सगळं तोंडपाठ. आपला गुलवेन कितवा आला हे कळायला मात्र गुलवेनलाच विचारावं लागलं असतं, आणि तेवढी तसदी कोणी घेत नव्हतं.

दोष त्याच्या पायांचा नव्हता, कामाचा होता. गुलवेन पश्चिम विभागाच्या संघात पाणक्या होता. कप्तान रने त्रेवू. त्याच्यासाठी भर उन्हात एखाद्या गावच्या नळावर उतरायचं, बाटल्या भरायच्या, सदऱ्याच्या खिशांत आणि गळ्याशी कोंबायच्या, आणि तोवर तीन किलोमीटर पुढे गेलेला घोळका गाठून त्या कप्तानाच्या हातात द्यायच्या. त्रेवूचं चाक फुटलं की आपलं काढून द्यायचं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला बसून ठिगळ लावायचं. त्रेवू झुडपामागे गेला की सायकलवरच तोल सांभाळत जागच्या जागी उभं राहायचं, कारण पाय टेकला की पुन्हा निघायला वेळ लागतो आणि कप्तानाला वाट बघायची सवय नव्हती.

पाच वर्षांत त्रेवूने त्याला नावाने एकदाही हाक मारली नाही. "पाणी!" एवढंच ओरडायचा. ते ऐकलं की गुलवेनचे पाय आपोआप चालायला लागायचे. घरी जेवताना त्याच्या बायकोने, सोआझिगने, शेजारणीशी बोलता बोलता पाणी हा शब्द उच्चारला तरी हा ताटावरून उठून उभा. सोआझिग आधी हसायची. मग तिने हसायचं सोडून दिलं.

दर ऑगस्टमध्ये आमच्या ग्रामसंताची जत्रा भरते. जत्रेत चर्चभोवती सायकलींची शर्यत असते आणि टूरमधले गाजलेले गडी पैसे मोजून बोलावले जातात. त्यांत दोघं मुख्य. एक पिवळ्या सदऱ्याचा, म्हणजे जिंकणारा. दुसरा लाल कंदील. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला टांगतात तो लाल कंदील, म्हणून टूरमध्ये सगळ्यांत शेवटी येणाऱ्यालाही लाल कंदील म्हणायची पद्धत. लोकांचा जीव त्याच्यावर जिंकणाऱ्याहून जास्त. बायका त्याला खाऊ घालतात, म्हातारे पाठीवर थाप मारतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. आणि या सगळ्यात गावचा स्वतःचा पोरगा कुठे? तर दोर धरून गर्दी आवरायला.

जत्रेचा कर्ताधर्ता तांगी खाटीक. मटणाच्या दुकानामागच्या खोलीत बसून तो शर्यतीला कोण येणार ते ठरवायचा, आणि जिंकणार कोण तेही तिथेच ठरवायचा. पिवळा सदरा पहिला, कंदील शेवटचा, मधल्यांनी मधे राहायचं. गावाला हे ठाऊक होतं आणि तरी गाव गळा फाडून ओरडायचं. खोटं आहे म्हणून आरडाओरडा करू नये असा काही नियम नाही.

गुलवेन दरवर्षी टोपी हातात घेऊन तांगीच्या दुकानात जायचा.

"तांगी, या खेपेला मला पाठीवर लावायला एक नंबर दे की. मी गावातलाच आहे."

"तेच तर," तांगी सॉसेजच्या माळा टांगत म्हणायचा. "कितवा आलास?"

"एकसष्टावा."

"एकसष्टाव्याला बघायला कोण येईल, लेका? तू रोज पाव आणायला जातोस तेव्हा फुकटात दिसतोस. पहिला ये, नाहीतर शेवटचा ये. मधल्यांचं काय लोणचं घालू?"

दुकानातल्या बायका फिदीफिदी हसायच्या. गुलवेनही हसायचा, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकवलेली आपली सायकल उगाचच पुसत बसायचा. त्याला वाईट वाटायचं, फार वाटायचं. एकदा, फक्त एकदा, या गावाने आपलं नाव घेऊन ओरडावं आणि वर्तमानपत्रात आपला फोटो यावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

पाचव्या वर्षी त्याने सोआझिगला सांगितलं, "या वर्षी मी शेवटचा येणार."

सोआझिगने तव्यावरची घिरडी उलटली. "जीव तोडून धावलास तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आता न तोडून बघ."

पण शेवटचा येणं म्हणजे खायचं काम नाही. रोज ठरावीक वेळेच्या आत पोचावं लागतं, नाहीतर सामान बांधून घरी. म्हणजे फार उशीर केला तर बाद, कमी उशीर केला तर पुन्हा एकसष्टावा. शिवाय हीच अक्कल आणखी एकाला सुचली होती. सेलेस्तँ रूबेर नावाचा, ओव्हेर्नच्या डोंगरातला, गोल चेहऱ्याचा, तोंडाने गोड आणि पोटात सतरा गाठी असलेला गडी. आठव्या दिवशी दोघंही एकाच गवताच्या गंजीमागे लपायला गेले आणि समोरासमोर आले.

"काय रे, पोट बिघडलं का?" रूबेरने विचारलं.

"हो. तुझं?"

"माझंही."

दोघं बराच वेळ पोट धरून बसले. आधी उठायला कोणी तयार नव्हतं.

मग काय विचारता! रूबेर वाटेतल्या चर्चमध्ये शिरून मेणबत्ती लावायचा आणि ती अर्धी जळेपर्यंत गुडघे टेकायचा. इतका धार्मिक सायकलपटू टूरने आधी पाहिला नसेल. गुलवेनने एका शेतकरणीला वाळलं गवत उलटायला मदत केली. बाई म्हणाली, नवऱ्यापेक्षा बरा आहेस. पिरेनीजच्या घाटात रूबेरने स्वतःच्या चाकाला खिळा मारून घेतला. दुसऱ्या दिवशी गुलवेनने दोन्ही चाकांना मारून घेतले. आल्प्समध्ये दोघं एकमेकांना "तू हो पुढे", "छे, आधी तू" असं म्हणत इतके सावकाश चढले की एक म्हातारी काठी टेकत त्यांच्या पुढे निघून गेली. त्या वर्षी पहिल्या दोघांत चौदा मिनिटांचं अंतर होतं. शेवटच्या दोघांत कधी वीस सेकंदांचं, कधी पाच. चुरस कुठे होती ते तुम्हीच ठरवा. पत्रकार मात्र पुढे पिवळ्या सदऱ्याचं जेवण टिपून घेत होते.

पॅरिसला पोचायच्या शेवटच्या सकाळी गुलवेन सत्तर सेकंदांनी शेवटचा होता. फक्त मागे बसून राहायचं होतं. मूल पाळण्यात निजतं तसा तो घोळक्याच्या शेपटीला निवांत पडून होता, आणि पुढून हाक आली, "पाणी!"

त्याने विचार केला असता तर ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण विचार करणारा माणूस पाणक्या होत नाही. पायांनी हाक ऐकली आणि पाय निघाले. चार बाटल्या घेऊन तो त्रेवूपाशी पोचला, नेमका तेव्हाच आडवा वारा सुटला आणि घोळका फाटला. पुढचा तुकडा पॅरिसच्या दिशेने सुसाट, त्यात त्रेवू आणि त्याच्या मागे अडकलेला गुलवेन. मागचा तुकडा रेंगाळला, आणि त्याच्याही मागे, देवाचे आभार मानत, रूबेर. त्रेवूने अर्धी बाटली डोक्यावर ओतली आणि उरलेली रस्त्यात फेकली.

गुलवेन शेवटून दुसरा आला, नऊ सेकंदांनी. नाक शिंकरायला याहून जास्त वेळ लागतो.

ऑगस्टमध्ये रूबेर आमच्या जत्रेला आला. सायकलीच्या बैठकीखाली खरोखरचा लाल कंदील टांगलेला, आणि मागे पोराटोरांची वरात. तांगीने त्याला मिठी मारली. गुलवेनच्या हातात दोर होताच. पण ऐन वेळी ब्रेस्टच्या एका गड्याला बसायच्या जागी गळू झालं आणि एक नंबर मोकळा राहिला.

"अकरावा ये," तांगी त्याच्या पाठीवर नंबर लावत म्हणाला. "दहावा नको, बारावा नको. कळलं?"

गुलवेनने मान हलवली.

चाळीस फेऱ्यांची शर्यत. ठरल्याप्रमाणे पिवळा सदरा पहिला आला आणि त्याने हात वर केले. दुसरा आला, तिसरा आला, दहावा आला, बारावा आला. अकरावा आला नाही. गाव कंदिलाची वाट बघत चर्चच्या वळणाकडे तोंड करून उभं होतं. वळणावरून रूबेर हसत, टोपी हलवत आला. आणि त्याच्या मागून, चांगला दोन हात मागून, गुलवेन.

रूबेरने मागे वळून पाहिलं. टोपी हलवायची थांबली. त्याने ब्रेक दाबला, याने ब्रेक दाबला. अंतिम रेषेच्या एक हात अलीकडे दोघं शेजारी शेजारी थांबले, पाय न टेकवता, चाकं किंचित वाकडी करून. पाय टेकला तर बाद, हा नियम तांगीनेच छापला होता.

"काय चाललंय हे?" तांगी धावत आला. "गुलवेन, अरे अकरावा म्हटलं होतं ना!"

"ते गेले दिवस," गुलवेन पुढे बघत म्हणाला.

"तू पुढे हो की," रूबेर दातओठ खात कुजबुजला. "मी पाहुणा आहे."

"आमच्याकडे पाहुण्याला आधी वाढतात. तूच हो."

एक मिनिट गेलं. मग तीन गेली. बँड थांबला. पिवळा सदरा ओट्यावर फुलांचा गुच्छ धरून उभा होता आणि त्याच्या गालावर ओठ टेकवायला नेमलेली तांगीची मुलगी खाली रस्त्यावर वाकून दोन चाकांकडे बघत होती. जत्रेत घिरडी विकणाऱ्या सोआझिगने तवा उतरवला. पाद्रीबुवा आधी हे देवाच्या दिवशी बरं नव्हे म्हणाले आणि मग ज्योतिष्यासारखे म्हणाले, "केरांदेल धरून ठेवील." रूबेरच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. गुलवेन मात्र खांबासारखा. अहो, पाच वर्षं झुडपाबाहेर हेच तर केलं होतं त्याने! त्याला उपयोगी पडलेली ही एकच गोष्ट त्रेवूने त्याला शिकवली होती.

वर्तमानपत्राचा छायाचित्रकार पिवळ्या सदऱ्याला सोडून पळत आला आणि रेषेवर गुडघा टेकून बसला.

आणि मग मागून कोणीतरी, बहुधा दारू चढलेला लोहार, ओरडला, "गुलवेन!" दुसऱ्याने री ओढली, तिसऱ्याने ओढली. गावातले नऊशेच्या नऊशे शहाणे एका सुरात, "गुल-वेन! गुल-वेन!" ज्या बायका दुकानात फिदीफिदी हसायच्या त्याच आता पदराने डोळे पुसायला निघाल्या, एवढंच की त्यांच्याकडे पदर नव्हता, म्हणून डोक्यावरच्या उंच टोप्यांच्या नाड्यांनी पुसत होत्या. गुलवेनचे कान लाल झाले. सोआझिग त्या क्षणी त्याच्याकडे बघत होती; ती सांगते, त्याच्या तोंडावर असं सुख तिने लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

रूबेर घामाने थबथबला होता. ओठांना चीर पडली होती. तो हळूच, कोणालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "पाणी."

गुलवेनने बाटली काढली, एक पायंडल मारलं, हात पुढे केला आणि म्हणाला, "घे, थंड आहे."

पुढचं चाक रेषेपलीकडे गेलं होतं.

गाव असं हसलं की चर्चवरची कबुतरं उडाली. रूबेरने बाटली शांतपणे संपवली, तोंड पुसलं आणि सगळ्यांच्या मागून रेषा ओलांडली. त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. तो लबाडी करून जिंकला असं सोआझिगचं मत. गुलवेन अजून म्हणतो, "नाही ग, त्याला खरंच तहान लागली होती. मला कळतं."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात रूबेर डोळे मिटून पाणी पितो आहे आणि खाली लिहिलं आहे, प्लूगर्वनच्या जत्रेत लाल कंदिलाने तहान भागवली. फोटोच्या डाव्या कडेला बाटलीपर्यंत आलेला एक हात आहे, कोपरापासून पुढचा, मनगटावर व्रण असलेला.

तांगीने तो फोटो चौकटीत बसवून दुकानात सॉसेजच्या माळांवर टांगला. पुढच्या वर्षी गुलवेनने टूर सोडली आणि सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता त्याचे केस पिकलेत. परगावचं कोणी ठिगळ लावायला आलं की तो काम अर्धवट टाकून त्याला रस्त्यापलीकडे तांगीकडे घेऊन जातो, बाही वर करतो आणि मनगटावरचा जुना व्रण फोटोतल्या व्रणाशेजारी धरतो.

"हा हात माझा," तो म्हणतो.

परगावचा माणूस फोटोकडे बघतो, हाताकडे बघतो, "हो की," म्हणतो, आणि मग त्या वर्षीच्या टूरमध्ये रूबेर किती सेकंदांनी शेवटचा आला होता ते विचारतो.

"नऊ," गुलवेन सांगतो.