भिंतीपलीकडचा क्रांती

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर क्रांती गायकवाड राहतात. वय साठीला टेकलेलं, लग्न केलं नाही, वाशीच्या एका कचेरीतून निवृत्त. वडील किसन गायकवाड मराठवाड्यातले, मोर्च्यांत आयुष्य घालवलेले. मुलगी झाली म्हणून नातेवाईक हळहळले, तर त्यांनी छाती काढून तिचं नाव क्रांती ठेवलं. दारावर पाटी अजून वडिलांच्याच नावाची आहे.

"एवढं मोठं नाव, आणि मी जन्मभर फायलींना टाचण्या लावल्या," असं त्या मला एकदा म्हणाल्या. मी तिसऱ्या मजल्यावरची सुचिता. मला रडगाणं सहन होत नाही, मी विषय बदलला.

आपल्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. वय वाढलं की नावाला शेपूट लागतं, पुढे नाव गळतं आणि शेपूटच उरतं. कचेरीत त्या मॅडम, सोसायटीत काकू, भावाच्या मुलांना आत्या. मीही ताईच म्हणते. आई दुर्गाबाई गेली, मग भाऊ अभयही गेला. 'क्रांती' म्हणणारं कुणी राहिलं नाही.

गेल्या वर्षी शेजारचा फ्लॅट भाड्यानं गेला. नवरा-बायको तेलंगणातले, दोघंही कंप्युटरवाले. पहिल्याच रविवारी एका बाईची खणखणीत हाक आली, "क्रांती!" ताई पोळी लाटत होत्या. "ओ!" करून पिठाच्या हातानं दार उघडायला धावल्या. बाहेर कुणीच नव्हतं. भिंतीपलीकडे एक पुरुष उत्तर देत होता.

संध्याकाळी ताई मुद्दाम खीर घेऊन गेल्या. बायको प्रिया, नवरा क्रांती. चांगला दाढीवाला, धिप्पाड क्रांती! पुरुषाला हे नाव कसं, असं विचारल्यावर तो हसला. "संक्रांति के दिन पैदा हुआ, आंटी. हमारे यहाँ लड़कों का भी होता है." म्हणजे ताईंच्या नावात घोषणा आणि लाठ्या, त्याच्या नावात सण. त्याला आयुष्यात काही उलथून दाखवायचं नव्हतं. ताईंना त्याचा हेवा वाटला.

"और आपका नाम?" प्रियानं विचारलं.

"दुर्गा," ताई म्हणाल्या.

मला कळलं तेव्हा मी भडकले. "आईचं नाव कशाला सांगितलंत? यात लपवायचं काय हाय?"

"खरं सांगितलं तर प्रिया संकोचेल गं. त्याला दुसऱ्या नावानं हाक मारायला लागेल. मला ती हाक हवी आहे, सुचिता."

कप्पाळ माझं!

मग ताई टीव्ही बंद ठेवायला लागल्या. हाकेच्या पुढचं तेलुगू त्यांना कळायचं नाही. पण हाक लाडाची की रागाची, ते बरोबर ओळखायच्या. कधीकधी हळूच ओ द्यायच्या.

प्रियाला दिवस गेले. ताईंनी तिचे डोहाळे पुरवले. सातवा लागला तसं दोघांनी घर सोडून गावी जायचं ठरवलं. "आज खरं नाव सांगते," निघायच्या दिवशी ताई मला म्हणाल्या. "आता कसली भीती? जाताना एकदा तरी मला माझ्या नावानं हाक मारेल."

लिफ्टपाशी प्रिया त्यांच्या पाया पडली आणि रडायलाच लागली. ताईंनी तोंड उघडलं, पण आधी तीच बोलली, "आंटी, माँ की तरह किया आपने. हमने तय किया है, बेटी हुई तो नाम दुर्गा रखेंगे."

मी मागून ताईंच्या पदराला हिसका दिला, सांगा म्हणून.

"अच्छा नाम है," ताई म्हणाल्या.